मोजणी चालू ठेवण्याच्या अटीवर

मी, डॉ. विनोदिनी नीलकंठ आष्टनकर, वय वर्षे सहासष्ट, अविवाहित, व्यवसाय पूर्वी भौतिकशास्त्राची प्राध्यापकी व हल्ली पेन्शन घेऊन पुन्हा भौतिकशास्त्रच, राहणार गुढियारी, रायपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या पेनाने आणि माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहून ठेवते ते येणेप्रमाणे.

माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर इतकी शाबूत आहे की काही लोकांना तिचा त्रास होतो. त्यांचा उल्लेख पुढे जागच्या जागी येईल. माझ्यावर कोणाचे दडपण, धाक किंवा भुरळ नाही. नशेचे म्हणाल तर सकाळपासून कैरीच्या पन्ह्याचे दोन पेले झाले आहेत. एवढे मात्र कबूल करते की मी अतिशय आनंदात आहे. इतकी की भावजय पद्मिनीने काल दोनदा माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. वेडाच्या भरात केलेले मृत्युपत्र रद्द होते, हर्षाच्या भरात केलेले होत नाही, हे मी विचारून घेतले आहे.

कलम १. हे मृत्युपत्र आत्ताच का, याचे कारण.

येत्या बुधवारी मी लडाखला निघाले आहे. फिरायला नाही. तिथे चौदा हजार फुटांवर एका संशोधन केंद्रात माझ्या गच्चीवरच्या यंत्राचे धाकटे भावंड बसवायचे आहे. तिथल्या तरुण मंडळींनी माझे जुने लेख वाचले आणि पत्र पाठवले की मॅडम, इतक्या कमी खर्चात इतकी वर्षे चालणारे यंत्र आम्ही दुसरे पाहिले नाही, तुम्ही स्वतः येऊन बसवून द्याल का. ते पत्र मी वीस वेळा तरी वाचले असेल. पहिल्यांदा वाचले तेव्हा भाजीवाल्याला पैसे न देता घरात आले आणि दुसऱ्यांदा वाचले तेव्हा त्याला दोनदा दिले.

माझा धाकटा भाऊ दिवाकर खालच्या मजल्यावर राहतो. नोंदणी कार्यालयात त्याने छत्तीस वर्षे कारकुनी केली, गेल्या वर्षी निवृत्त झाला. लडाखचे ऐकून त्याने हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाला, "जायचं तं जा ताई, पण आधी मृत्युपत्र करून ठेव." त्याला वाटले होते मी घाबरेन. मी त्याच्याकडेच चांगला कागद मागितला. डॉक्टर राजस बोबडे यांनी माझे हृदय, फुप्फुसे आणि गुडघे तपासून जायला हरकत नाही असे लिहून दिले आहे. रक्तदाब थोडा वाढलेला निघाला, तो आनंदाचा आहे असे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते कागदावर लिहिले नाही, पण मान डोलावली.

कलम २. माझी सर्वांत मोलाची वस्तू व माझी एकुलती एक काळजी.

गच्चीवर लोखंडी स्टँडवर पत्र्याची एक पेटी आहे. पेटीत दोन नळ्या आहेत, एकावर एक. आभाळातून अतिसूक्ष्म कण सतत खाली येत असतात. तळहात पसरून धरलात तर मिनिटाला शंभरेक तुमच्या हातातून आरपार जातील आणि तुम्हाला गुदगुलीसुद्धा होणार नाही. दोन्ही नळ्या एकाच क्षणी वाजल्या की वरून एक कण आला असे समजायचे आणि मोजायचे. एवढेच माझे यंत्र. नळ्या सोडल्या तर बाकी सगळे रायपूरचे आहे. पत्रा भनपुरीच्या भंगारातला, स्टँड बीरगांवच्या वेल्डरने केलेला, आणि वरचा रंग दिवाकरच्या खिडक्या रंगवून उरलेला.

हे यंत्र १४ जानेवारी १९९४ रोजी, तिळगूळ वाटून झाल्यावर, सुरू झाले. तेव्हापासून मोजणी अखंड चालू आहे. सूर्य खवळला की मोजणी उतरते, निवळला की चढते, आणि असा एक फेरा पुरा व्हायला साधारण अकरा वर्षे लागतात. माझ्याकडे दोन फेरे पूर्ण आहेत. तिसरा २०२७ साली पुरा होईल. एकाच गच्चीवरून, एकाच यंत्राने मोजलेले तीन सलग फेरे हाती असले म्हणजे कोणीही शहाणा माणूस खुर्ची ओढून ऐकायला बसेल.

दिवाकरची मुलगी गंधाली, वय तेवीस, हिला इथल्याच विद्यापीठात संशोधनाला प्रवेश मिळाला आहे आणि तिचा प्रबंध या तेहतीस वर्षांच्या नोंदीवर उभा राहायचा आहे. आणि नेमक्या याच वर्षी एक बिल्डर आमच्या दारात चप्पल काढून बसू लागला आहे. त्याला घर पाडून चार मजली इमारत करायची आहे. मला मरणाचे भय नाही. मी मेल्यावर गच्ची पाडतील, तिसरा फेरा अर्धा राहील आणि माझ्या पोरीच्या हाती तुटकी नोंद येईल, याचे मात्र आहे. पुढची सगळी कलमे या एका काळजीच्या अवतीभवती आहेत, अधूनमधून मी वाहवत गेले तरी.

कलम ३. एक पुस्तक परत करणे.

माझ्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात, भौतिकशास्त्राचे एक जाड पुस्तक आहे. ते माझे नाही. ते श्री. मारोतीराव पांडे, निवृत्त व्याख्याते, वर्धा, यांचे आहे.

१९७८ साली मी एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, विषय वनस्पती, प्राणी आणि रसायन. मुलींनी हेच घ्यायचे असते असे प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाबूने सांगितले होते आणि आमच्या घरी खिडकीवरच्या माणसाचा शब्द मोडत नसत, कारण वडील नीलकंठराव स्वतः रेल्वेच्या तिकीट खिडकीवर बसत. त्या उन्हाळ्यात मारोतीराव मला पाहायला आले. येताना गाडीत वाचायला हे पुस्तक आणले होते. पोहे झाले, प्रश्न झाले, मला शिवण येते का हे विचारून झाले. मग वडील म्हणाले, तुलाही काही विचारायचे असेल तर विचार. असे म्हणायची रीत असते, विचारायची नसते. मी विचारले की चालत्या आगगाडीत उडी मारली तर आपण मागच्या डब्यात का पडत नाही.

मारोतीराव फार सज्जन मनुष्य. त्यांनी अर्धा तास समजावून सांगितले, पाटावर पोह्याची वाटी सरकवून दाखवली, आणि त्यांची गाडी चुकायची वेळ आली. त्या गडबडीत पुस्तक राहिले. आठवड्याने त्यांच्याकडून पत्र आले की मुलगी चांगली आहे पण पत्रिका जुळत नाही. पुस्तकाबद्दल पत्रात काही नव्हते. आई गोदावरी म्हणाली, परत पाठवून दे. मी म्हटले, वाचून झाले की पाठवते.

ते वाचून झालेच नाही. पहिले दोन धडे वाचायला मला पावसाळा लागला. दिवाळीनंतर मी त्याच खिडकीवर गेले आणि गणित-भौतिकी द्या म्हणून अडून बसले. बाबू म्हणाला, "बेटी, एक साल बर्बाद हो जाएगा." वर्ष गेले. बाकीची सगळी मिळाली. वडिलांनी आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी स्टेशनातून येताना लॉग टेबलचे पुस्तक घेऊन आले.

तरी माझ्या पश्चात ते पुस्तक मारोतीरावांना, ते नसल्यास त्यांच्या वारसांना, सन्मानपूर्वक परत करावे. पान ११२ वर चिवड्याच्या तेलाचा डाग आहे, त्याबद्दल क्षमा मागावी. आणि त्यांना कळवावे की पत्रिका न जुळल्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

कलम ४. 'रायपूरमधील उन्हाळी घट' या नावाचा बारा पानी अप्रकाशित लेख.

हा लेख मी गंधालीला देते. अट अशी की जेव्हा जेव्हा तिला आपण फार हुशार आहोत असे वाटेल तेव्हा तिने तो एकदा पुरता वाचावा.

एम.एस्सी. झाल्यावर पाच वर्षे मी अभनपुरच्या शाळेत विज्ञान शिकवले, बसने जाऊन येऊन. नंतर इथल्या कॉलेजात लागले. यंत्र सुरू झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या लक्षात आले की एप्रिलच्या शेवटी मोजणी एकदम खाली येते आणि जूनच्या तोंडाशी पुन्हा एकदम वर जाते. दुसऱ्या उन्हाळ्यात तेच. उन्हाने वरची हवा फुगते, त्यामुळे उन्हाळ्यात मोजणी थोडी घटते हे जगाला माहीत होते. पण माझी घट त्याच्या कितीतरी पट होती आणि ती एका दुपारी संपायची. मी रात्रंदिवस विचार करून कारण शोधले. मध्य भारताच्या पठारावरील हवेच्या थरांविषयी माझे एक स्वतंत्र मत तयार झाले. बारा पाने झाली. आकृत्या झाल्या. लखोट्यावर पत्ता लिहून झाला.

जेवताना मी आईला कौतुकाने सांगितले की बघ, दोन्ही वर्षी कसे, यंदा तर एकतीस मेच्या दुपारी अडीचला मोजणी परत जागेवर आली. आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "काहून वो, त्या दिवशी तं मी गहू उचलले."

गोष्ट अशी की आमच्या वर्धेकडच्या घरांत वर्षाचा गहू उन्हाळ्यात भरतात. रायपूर भाताचे गाव, पण आमच्या आईची पोळी काही सुटली नाही. ती गहू धुऊन गच्चीवर वाळवायची, एरंडेलाचा हात फिरवून, कडुनिंबाचा पाला घालून पोत्यांत भरायची. आणि पोती जमिनीवर ठेवली तर उंदीर, म्हणून पाऊस तोंडावर येईपर्यंत ती माझ्या पेटीवर रचून ठेवायची. वरून सपाट, खालून हवा, उंदीर चढत नाही. आईच्या मते मी तिच्यासाठीच करून घेतलेला तो उत्तम ओटा होता. मी रोज सकाळी वर जायची, पोती पाहायची, आणि खाली येऊन पठारावरील हवेच्या थरांचा विचार करायची. आभाळातले अशक्त कण गव्हात अडकत होते, एवढी साधी गोष्ट होती.

त्या रात्री मी लखोटा फाडला आणि हसू की रडू असे झाले. मग हसले. आणि हसता हसताच लक्षात आले की पेटीला डोक्यावरचा गहू कळतो, म्हणजे तिला डोक्यावरचे काहीही कळेल. तो सगळा जून मी पोती काढली, ठेवली, एकावर दोन, दोनावर तीन रचली आणि दर वेळी मोजले. आईने दोन दिवस बघितले आणि म्हणाली की भौतिकशास्त्र हमालीचे काम आहे हे आधी माहीत असते तर तुले शिकवलं नसतं. शेवटी मी खालून मोजून पोत्यांचे वजन सांगितले आणि ते तराजूशी चार किलोच्या फरकाने जुळले. वरच्या वस्तूची जाडी खालून मोजण्यावर माझा प्रबंध झाला. धरणाच्या भिंतीखालच्या बोगद्यातही मी दुसरी एक पेटी घेऊन बसले. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर झाले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात पहिले नाव गोदावरी नीलकंठ आष्टनकर यांचे आहे, 'गहू पुरवल्याबद्दल'. परीक्षकांना ते समजले नाही आणि मी समजावले नाही.

कलम ५. चहाची किटली.

विभागात आम्ही नऊ जण होतो, त्यात मी एकटी बाई. रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात विभागप्रमुखांनी चहाची व्यवस्था 'मॅडमकडे स्वाभाविकपणे' सोपवली. ती स्वाभाविकपणे तीस वर्षे माझ्याकडे राहिली. शिवाय प्रत्येक निरोप समारंभाची रांगोळी. माझ्या गोपनीय अहवालात त्यांनी एका वर्षी 'संशोधनाचा नाद, परंतु चहा उत्तम' असे लिहिल्याचे मला खात्रीलायक कळले. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. ते कैलासवासी झाले आणि बिचाऱ्यांना चहा खरोखर आवडायचा.

निवृत्तीच्या दिवशी सर्वांची भाषणे चालू असताना मी किटली पिशवीत घालून घरी आणली. ही चोरी होती. ती मला अजूनही आवडते. किटली विभागाला परत करावी, मात्र ती विभागातील वयाने सर्वांत मोठ्या पुरुषाच्या हाती द्यावी आणि द्यायच्या वेळी त्यात चहा केलेला असावा, तो त्याने केलेला.

कलम ६. फुटकळ.

सोल्डरिंगचे सगळे सामान, मल्टिमीटर व स्क्रू ड्रायव्हरांचा डबा माझी विद्यार्थिनी मोनाली हिला. ती आता बीरगांवच्या शाळेत शिकवते आणि मुलींच्या हाती पहिल्याच दिवशी सोल्डरिंग देते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कोशाच्या रेशमाची निळी साडी पद्मिनीला. ती नेसून मी आजवर एकदाही घाबरले नाही, म्हणून तिनेही ती नेसून कधी घाबरू नये. पुस्तके कॉलेजला. बँकेत जे असेल त्यातून यंत्राची बॅटरी, वायर व दुरुस्ती, आणि उरेल ते गंधालीला.

माझा देह मेडिकल कॉलेजला द्यावा. तेराव्याचे जेवण घालू नये. घालायचेच झाले तर गच्चीवर घालावे आणि पेटीचा टिकटिक आवाज लाऊडस्पीकरवर लावावा. त्या आवाजात माणसे जेवली की मला बरे वाटेल.

कलम ७. घर.

हे घर आईच्या नावावर होते. १९९८ साली तिने बक्षीसपत्र करून ते एकट्या माझ्या नावावर केले, कारण मी एकटी होते आणि दिवाकरला सरकारी नोकरी होती. ते बक्षीसपत्र नोंदणी कार्यालयात ज्या कारकुनाने रजिस्टरात उतरवले तो दिवाकरच. त्याने एक अक्षर न चुकता ते उतरवले, घरी आला, आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही. सत्तावीस वर्षे तो बहिणीच्या घरात राहतो. कोणी पत्ता विचारला तर आधी किंचित थांबतो, हे मला माहीत आहे. त्याचा राग मी रास्त मानते. म्हणून,

(अ) तळमजला माझा भाऊ दिवाकर नीलकंठ आष्टनकर यास पूर्ण मालकीने द्यावा.

(ब) वरचा मजला व गच्ची कु. गंधाली दिवाकर आष्टनकर हिला द्यावी, मोजणी चालू ठेवण्याच्या अटीवर.

हे वाचून दाखवल्यावर गंधाली इतकेच म्हणाली, "आत्या, मशीन तो मैं बंद होने ही नहीं दूँगी, लेकिन आप पहले वापस तो आइए." तिला मराठी सगळे समजते, उत्तर मात्र हिंदीत येते. मी तेही मोजून ठेवले आहे. आजवर तिने मराठीत केलेली पूर्ण वाक्ये सुमारे चाळीस आहेत.

कलम ८. साक्षीदारांची अडचण.

इथवर शुक्रवारी लिहून झाले होते. साक्षीला दोन माणसे लागतात. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्षीला सही करू नये, उगाच वादाला तोंड फुटते, अशी कचेरीतली रीत असल्याचे दिवाकरने सांगितले. मी यादी केली. मोनालीला सामान दिलेले. पद्मिनीला साडी. गंधालीला गच्ची. एकूण मला जी माणसे आवडतात त्यांना मी काही ना काही देऊन बसले होते. डॉक्टर बोबड्यांना काही द्यायचे राहिले होते, ते एक झाले. दुसरा मिळेना.

दरम्यान लडाखला न्यायची म्हणून मी सगळी नोंद एकदा तपासत होते. पेटीची मोजणी आपोआप होते, पण हवेचा दाब मी रोज सकाळी सहाला वहीत हाताने लिहिते. डोक्यावरची हवा जड झाली की कण कमी पोचतात, त्यामुळे दाब नसेल तर त्या दिवसाची मोजणी निरुपयोगी. २००३ ची वही उघडली. त्या मार्चमध्ये आई गेली. तेरा दिवस मी खोलीतून बाहेर आले नव्हते. त्या दिवसांचे दाब वहीत आहेत हे मला माहीत होते आणि ते मोनालीने घेतले असे मी बावीस वर्षे धरून चालले होते. वही संगणकावर तीच चढवत असे. एका लेखात मी तिचे आभारही मानले आहेत.

या वेळी मी अक्षर पाहिले. सरळ, उभे, शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी, प्रत्येक आकड्यापुढे वेळ आणि वेळेपुढे छोटी सही, दि. नी. नोंदणी कार्यालयात लिहितात तशी. मोनालीला फोन केला तर ती म्हणाली, मॅडम, मला वाटायचे तुम्हीच लिहिले.

आईला अग्नी दिवाकरने दिला होता. तेरा दिवस त्याने खाली चटईवर निजायचे, कशाला शिवायचे नाही, घरातल्या वस्तू हाती घ्यायच्या नाहीत. आमच्या घरी हे कडक पाळत. आणि तो मुंडण केलेल्या डोक्याने रोज पहाटे गच्चीवर जाऊन माझी वही हातात घेत होता.

मी वही घेऊन खाली गेले. तो चष्मा लावून याच मृत्युपत्राचा मसुदा वाचत बसला होता, हातात लाल पेन्सिल. मी वही त्याच्यासमोर ठेवली.

"हे तूच लिहिलंस?"

"मंग कोण लिहीन? तू रडून राहिली होती, मोनाली गावाले गेली होती."

"मले सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं काहून नाही?" तो म्हणाला आणि वही बाजूला सरकवली. "ते राहू दे. ताई, हे कलम सात तू चुकवलं. खालचा मजला माया नावावर, वरचा पोट्टीच्या. उद्या मी खालचा विकला तं वरची गच्ची काय हवेत राहीन?"

पस्तीस वर्षे मी मुलांना गुरुत्वाकर्षण शिकवले. तरी हे मला सुचले नव्हते.

"तू विकशीन का?" मी विचारले.

त्याने पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. "आज नाही म्हणतो. पण माया पोट्टा यशदीप पुण्याहून रोज फोन करते, विकून टाका म्हणते. गुडघे रोज दुखते. अन् तो बिल्डर आला की लिफ्टचं चित्र दाखवते. माया भरोसा नको धरू तू. खोड ते."

मी म्हटले की निदान तू आणि पद्मिनी तहहयात तळमजल्यावर राहाल एवढे तरी लिहू दे. त्यालाही तो नाही म्हणाला.

"काहीच लिहू नको. ज्याले काही भेटते तो साक्षीदार चालत नाही, अन् मले साक्षीदार व्हायचं आहे."

मला रडू आले. असे मृत्युपत्रात लिहीत नाहीत, पण हे माझे मृत्युपत्र आहे. ज्या एका गोष्टीसाठी तो सत्तावीस वर्षे मनात कुढत होता ती मी त्याच्या हातावर ठेवली आणि त्याने ती स्वतःच्या पेन्सिलीने खोडायला लावली. मी त्याला कारकून म्हणत आले. माझी नोंद अखंड आहे असे मी जगाला मिरवून सांगत होते, आणि ती अखंड ठेवणाऱ्याला मी एकदाही विचारले नव्हते.

कलम ९. दुरुस्ती.

वरील कलम ७ (अ) रद्द समजावे. त्यावर मी आडवी रेघ मारून बाजूस आद्याक्षरे केली आहेत. कलम ७ (ब) मध्ये 'वरचा मजला व गच्ची' याऐवजी 'तळमजल्यापासून गच्चीपर्यंत संपूर्ण घर' असे वाचावे. अट तीच.

हे मी गंधालीला वाचून दाखवले तेव्हा ती जिन्यातच बसली. मग बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठंच जायचं नाही." मी ते वाक्य मोजणीत धरले आहे.

कलम १०. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीची जबाबदारी डॉ. राजस बोबडे यांच्यावर सोपवते. त्यांनी ती हसत का होईना, पण स्वीकारली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढे करीन की नाही ते लडाखला पोचल्यावर ठरवीन. तिथे मोजणी इथल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असणार आहे आणि मला आत्तापासून झोप येत नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोनदा हसून व एकदा रडून, राजीखुशीने खालील दोन साक्षीदारांच्या समक्ष सही करून ठेवले. त्यांनीही माझ्या समक्ष सह्या केल्या.

ठिकाण: गुढियारी, रायपूर (छत्तीसगड)
दिनांक: ८ जून २०२५, रविवार, सकाळी सव्वासहा, दाब घेऊन झाल्यावर

सही/-
विनोदिनी नीलकंठ आष्टनकर

साक्षीदार १:
सही/-
डॉ. राजस बोबडे, वय ४४, राहणार चौबे कॉलनी, रायपूर. लिहून देणार यांना मी आज तपासले असून त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २:
सही/-
दिवाकर नीलकंठ आष्टनकर, वय ६३, राहणार गंधालीचे घर, तळमजला, गुढियारी, रायपूर.

(साक्षीदार क्रमांक दोनचा पत्ता त्याने स्वतःच्या अक्षरात, मध्ये कुठेही न थांबता लिहिला आहे. मी अजून जिवंत आहे आणि तोवर घर माझेच आहे, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले. एका कागदावर एकच खाडाखोड शोभते, असे तो म्हणाला. वि. नी. आ.)